घरच्या संगणकाचे कुलूप



ऊस विकास अधिकाऱ्याने पाचट, बेणेबदल, माती परीक्षण असल्या विषयांवर लिहावे आणि सभासदांनी ते वाचून, किंवा न वाचताच, घडी करून कपाटात ठेवावे ही आपली जुनी रीत आहे. या अंकात मात्र उसाला थोडी विश्रांती देतो. गेल्या काही वर्षांत गटागटांतून फिरताना लोकरी माव्याच्या आणि हुमणीच्या प्रश्नांबरोबर एक नवा प्रश्न वारंवार कानावर येऊ लागला आहे. "साहेब, घरचा कॉम्प्युटर उघडंना झालाय. पासवर्ड इसरलो. आता काय करायचं?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा राहिलेला नाही. पूर्वी घरी संगणक आला तो पोरांच्या शिक्षणासाठी आणि कोपऱ्यात टॉवेल पांघरून बसला. आता त्यात सातबारे आणि आठ-अ आहेत, ठिबकच्या अनुदानाची कागदपत्रे आहेत, ऊसबिलांचा हिशोब आहे, लग्नकार्याचे फोटो आहेत. ज्या सभासदांची वाहतुकीची वाहने आहेत त्यांच्याकडे तर टोळ्यांच्या उचलीचा सगळा हिशोब संगणकात असतो, आणि कित्येकांकडे तो फक्त तिथेच असतो.

असाच एक प्रसंग सांगतो. सभासदाचे नाव देत नाही, त्यांच्या घरच्यांच्या परवानगीने मजकूर तेवढा देतो. २०२३-२४ च्या गाळप हंगामाच्या तोंडावर, भादव्यात, आपल्या कार्यक्षेत्रातील एका वाहतूकदार सभासदाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. माणूस समोरचे सगळे समजून घेत होता, मान हलवत होता, पण बोलता येईना आणि लिहिताही येईना. त्यांच्याकडे दोन ट्रॅक्टर आणि एक टोळी. कुठल्या कोयत्याला किती उचल दिली, मागच्या हंगामात कुणाची किती फिटली, आजारपणामुळे अर्ध्यातून गावी गेलेल्या दोन कोयत्यांच्या नावावर काय शिल्लक राहिली, हे सगळे त्यांनी स्वतः बसून संगणकावर लिहिलेले. वही ठेवायची सवय चार वर्षांपूर्वीच सुटलेली. दसऱ्याच्या आधी मुकादम हिशोबाला आला आणि संगणकाने पासवर्ड मागितला.

पुण्याहून मुलगा आला. त्याने आईचे नाव, गावाचे नाव, ट्रॅक्टरचा नंबर, सगळे टाकून पाहिले. मग तालुक्याच्या गावी दुरुस्तीवाल्याकडे नेले. तो म्हणाला, "हे काही उघडत नसतं. विंडोज नवीन मारून देतो, सातशे रुपये." मशीन चालू होईल एवढे त्याने सांगितले. डिस्कवरचा हिशोब पुसला जाईल हे सांगितले नाही. नशीब एवढेच की त्या दिवशी त्याच्याकडे गर्दी होती आणि त्याने उद्या या म्हटले.

इथे जरा थांबून हे कुलूप काय प्रकारचे असते ते समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

आपल्याकडे बहुतेक घरांत विंडोजचा संगणक असतो. त्यात खाते दोन तऱ्हेचे असते. एक स्थानिक खाते, म्हणजे त्याची नोंद त्या मशीनपुरतीच, बाहेर कुणाला ठाऊक नाही. दुसरे मायक्रोसॉफ्ट खाते, म्हणजे ईमेलचा पत्ता देऊन उघडलेले, ज्याची नोंद कंपनीकडेही असते. ही दुसरी तऱ्हा २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली आणि आता नवीन मशीन घेतले की दुकानदार बहुधा तीच करून देतो. शिवाय चार-सहा आकड्यांचा पिन असतो तो वेगळा. तो त्या एका मशीनपुरता असतो, आणि पिन विसरला म्हणजे पासवर्ड विसरला असे नव्हे. पिनच्या चौकटीखाली 'साइन-इन ऑप्शन्स' म्हणून असते तिथे जाऊन पासवर्डाने आत जाता येते. अनेकांची अडचण एवढ्यावरच सुटते.

पासवर्ड विसरला असे वाटणाऱ्यांपैकी काहींनी तो विसरलेलाच नसतो, हे अनुभवाने सांगतो. कॅप्स लॉक चालू असतो. जुन्या छोट्या लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिला की काही अक्षरांच्या जागी आकडे उमटतात. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे मराठीचा कळफलक. घरात कुणी ग्रामपंचायतीचा अर्ज मराठीत टाइप केला असेल तर पासवर्डाच्या चौकटीत मराठी अक्षरे जातात, वर नुसते ठिपके दिसतात आणि माणूस कपाळाला हात लावतो. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते ती इंग्रजीवर करावी. चौकटीच्या कडेला डोळ्याचे चित्र असते, ते दाबून धरले की आपण काय टाइप केले ते दिसते. एखादी कळ खराब झाली असेल तर पडद्यावरचा कळफलकही त्याच कोपऱ्यातून उघडता येतो. दुरुस्तीवाल्याकडे मशीन उचलून नेण्याआधी एवढे करून बघावे. पैसे लागत नाहीत.

आता त्या सभासदाकडे वळू. त्यांचे मशीन २०१९ साली घेतलेले, विंडोज १० चे. मुलाने मला फोन केला तेव्हा मी त्याला एकच विचारले, चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाली काय अक्षरे येतात? तो म्हणाला, 'रीसेट पासवर्ड' असे येते, पण ते दाबल्यावर कसले तरी प्रश्न विचारतो म्हणून सोडून दिले. म्हणजे स्थानिक खाते आहे आणि सुरक्षा प्रश्न भरलेले आहेत. ही सोय २०१८ पासून विंडोज १० मध्ये आली. खाते उघडताना सहा ठरीव प्रश्नांतून तीन निवडून त्यांची उत्तरे द्यावी लागतात. ती उत्तरे जुळली की संगणक स्वतःच नवा पासवर्ड ठेवू देतो. आतले काही पुसले जात नाही.

प्रश्न होते तीन. लहानपणचे लाडाचे नाव कोणते, पहिल्या पाळीव प्राण्याचे नाव काय आणि पहिली शाळा कोणती. प्रश्न अमेरिकेतल्या माणसाने काढलेले, पण उत्तरे आपल्या मातीतली लागणार. मुलाला शाळा माहीत होती. बाकी दोन्हींचे उत्तर त्याच्या जन्माआधीचे.

तेव्हा मी त्याला म्हटलं, "तुझ्या आत्याला बोलाव."

आत्या शेजारच्या गावात दिलेल्या. वय सत्तरीच्या पुढे, पण स्मरण खणखणीत. आल्या, भावाच्या उशाशी बसल्या. मुलाने विचारले, "आत्या, बाबांना लहानपणी काय म्हणायचे?" त्यांनी लगेच सांगितले. ते नाव इथे छापत नाही, घरचे आहे. मुलाला वाटत होते की प्राणी म्हणजे वस्तीवरचा कुत्रा. आत्या म्हणाल्या, "कुत्रं कसलं? ह्याचा जीव होता पाड्यावर. रात्री गोठ्यात जाऊन झोपायचा त्याच्याजवळ." आणि त्यांनी त्या पाड्याचे नाव घेतले. तेव्हा पलंगावरच्या माणसाने डावा हात जोरजोरात गादीवर आपटला. डोळ्यांत पाणी होते.

तरी लगेच उघडले नाही. मराठी नाव इंग्रजीत लिहायचे तर त्याची स्पेलिंगे चार होतात. शाळेच्या नावापुढे 'जिल्हा परिषद' लिहिले होते की नाही, तेही कळेना. मुलगा स्पेलिंग बदलून बदलून टाकत होता, प्रत्येक वेळी वडिलांकडे बघत होता आणि वडील मान हलवून हो किंवा नाही म्हणत होते. संध्याकाळी सातच्या सुमाराला उघडले. हिशोबाचा तक्ता जसाच्या तसा होता. दुसऱ्या दिवशी छापून काढला आणि मुकादमासमोर वाचला. अर्ध्यातून गेलेल्या त्या दोन कोयत्यांच्या नावावर मुकादमाच्या वहीत होती त्यापेक्षा कमी बाकी निघाली. जाण्याआधी त्यांनी केलेले काम आपल्या सभासदाने वजा टाकलेले होते, मुकादमाने नव्हते. त्या दोन जोडप्यांच्या डोक्यावर नसलेले कर्ज बसले असते. म्हणून म्हणतो, हा प्रश्न एका घरापुरता नव्हता.

मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहितो. हे सगळे मालकाच्या समोर आणि त्यांच्या मान्यतेने झाले. दुसऱ्याचा संगणक त्याच्या पश्चात उघडून देण्याचा मार्ग मला विचारू नये. भाऊबंदकीच्या वादात असा एक निरोप मला आला होता, त्यास मी नकार दिला.

सुरक्षा प्रश्न नसतील तर? त्याच मशीनवर घरातल्या दुसऱ्या कुणाचे खाते असेल आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे कारभाऱ्याचे, अधिकार असतील, तर तो आपला पासवर्ड बदलून देऊ शकतो. फाइली राहतात. फक्त ब्राउझरने लक्षात ठेवलेले इतर ठिकाणचे पासवर्ड अशा बदलानंतर हाती लागतीलच असे नाही. विंडोजमध्ये आधीच पेन ड्राइव्हवर पासवर्ड बदलण्याची किल्ली करून ठेवण्याचीही सोय आहे, पण ती केलेला सभासद मला अजून भेटायचा आहे.

मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर काम एका अर्थी सोपे. मोबाइलवरून 'अकाउंट डॉट लाइव्ह डॉट कॉम' या ठिकाणी जाऊन पासवर्ड विसरल्याचे सांगायचे. खाते उघडताना दिलेल्या मोबाइल नंबरावर किंवा दुसऱ्या ईमेलवर संकेतांक येतो, तो भरून नवा पासवर्ड ठेवायचा. पण संगणकाला हा बदल कळण्यासाठी त्याला इंटरनेट मिळाले पाहिजे. नाही तर तो जुनाच पासवर्ड मागत बसतो आणि आपण म्हणतो, बदलूनही चालेना. कुलूपबंद पडद्यावरच खाली उजवीकडे नेटवर्कचे चिन्ह असते. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून तिथून जोडावे.

अडते कुठे, तर मोबाइल नंबरावर. खाते उघडताना दुकानदाराच्या पोराने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, किंवा आपण टाकलेला नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला असतो. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, म्हणजे आपला संकेतांक भलत्याच्याच हाती. दोन्ही वाटा बंद असतील तर कंपनीचा एक लांबलचक फॉर्म भरता येतो. त्यात पूर्वीचे पासवर्ड, पाठवलेल्या ईमेलचे विषय असे बरेच विचारतात आणि जुळले तरच खाते परत देतात. ज्याने दुहेरी पडताळणी चालू केली आहे त्याला तो फॉर्मही उपयोगी पडत नाही. आणि खात्यावरची ओळखीची सगळी माहिती एकदम बदलायला काढली तर ३० दिवस थांबावे लागते. तेव्हा नंबर बदलला की गट कार्यालयाला कळवता, बँकेला कळवता, तसा या खात्यातही बदलून घ्यावा.

विंडोजच्या आधीच, काळ्या पडद्यावर पासवर्ड मागत असेल तर ते कुलूप निराळे आहे. तो मशीनचा स्वतःचा पासवर्ड आहे. खरेदीची पावती घेऊन मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्रात जावे. तसेच एक्सेलच्या एखाद्या फाइलला कुणी वेगळा पासवर्ड दिला असेल, तर संगणक उघडला तरी ती फाइल उघडणार नाही, आणि तो पासवर्ड मायक्रोसॉफ्टही काढून देऊ शकत नाही. हिशोबाच्या फाइलींना असे दुहेरी कुलूप घालणाऱ्यांनी विचार करूनच घालावे.

आपल्या लोकांचा एक समज आहे की चांगला कारागीर कुठलाही संगणक उघडतो. विंडोज एक्सपीच्या काळी ते बरेचसे खरे होते. त्यात एक लपलेले कारभारी खाते असायचे, घरगुती मशीनवर त्याला बहुधा पासवर्डच नसायचा आणि सेफ मोडमधून आत जाता यायचे. तो काळ गेला. तरीही ज्या मशीनची डिस्क सांकेतिक केलेली नाही, ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फाइली वाचता येतात आणि उतरवून घेता येतात. म्हणून 'विंडोज नवीन मारतो' म्हणणाऱ्याला आधी विचारावे, डिस्कवरचे काढून देणार का? आधी फाइली दुसरीकडे उतरवून दाखव, मग काय मारायचे ते मार. याचीच दुसरी बाजू अशी की चोरालाही ते वाचता येते. नुसता पासवर्ड म्हणजे वाड्याच्या दरवाजाला कुलूप आणि मागची भिंत पडलेली.

ती भिंत बांधण्यासाठी आता बऱ्याच नवीन लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली की, डिस्क आपोआप सांकेतिक होते. याला बिटलॉकर म्हणतात. मग डिस्क काढून काही उपयोग नाही. कारागिराने मदरबोर्ड बदलला किंवा आतली मांडणी बदलली तर निळा पडदा येतो आणि ४८ अंकी किल्ली मागतो. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, दुसऱ्या यंत्रावरून ते खाते उघडून पाहता येते. खातेही गेले आणि किल्लीही कुठे उतरवलेली नाही, तर डिस्कवरचे कायमचे गेले. तिथे कुणाचीच मात्रा चालत नाही. ज्यांच्याकडे नवीन लॅपटॉप आहे त्यांनी ही किल्ली आजच कागदावर उतरवून घ्यावी. ४८ अंक, सहा-सहाचे आठ गट. लिहायला पाच मिनिटे लागतात.

सगळ्या वाटा संपल्या तर शेवटी मशीन नव्याने सुरू करणे एवढेच उरते. शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट केले की 'ट्रबलशूट' आणि पुढे 'रीसेट धिस पीसी' येते. पासवर्ड माहीत नसताना त्यातला सगळे पुसण्याचाच मार्ग मोकळा असतो. मशीन कामाला येते, मजकूर जातो.

हा पासवर्ड आला कुठून, असे एका तरुण सभासदाने विचारले होते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ च्या सुमारास फर्नांडो कॉर्बाटो यांनी एक मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत बसवली. आपल्याकडे पाण्याची पाळी असते तशी प्रत्येकाला संगणकाच्या वेळेची पाळी. एकाच्या खात्यात दुसऱ्याने शिरू नये म्हणून पासवर्ड. आणि १९६२ मध्येच तिथल्या एका संशोधकाने आपली पाळी पुरेना म्हणून सगळ्यांच्या पासवर्डांची यादी त्याच संगणकाकडून छापून घेतली! रात्री दुसऱ्याच्या पाळीचे पाणी फोडणारे फक्त आपल्याच कॅनॉलवर असतात असे नाही.

पासवर्ड कागदावर लिहू नये, असे पूर्वी फार सांगितले जाई. माझे मत वेगळे आहे. घरच्या संगणकाला धोका परगावच्या चोराचा असतो, तो काही आपल्या कपाटातली वही बघायला येत नाही. बँकेचे सोडून द्या, ते लिहूच नये. घरच्या संगणकाचा पासवर्ड, खात्याचा ईमेल, त्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि ती ४८ अंकी किल्ली एका कागदावर लिहून, पाकीट बंद करून, भाग दाखल्याबरोबर ठेवावे आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला जागा सांगावी. भागाला आपण वारस लावतो, संगणकाला लावत नाही. खातेदार वारल्यावर मायक्रोसॉफ्ट घरच्यांना पासवर्ड देत नाही, कायदेशीर आदेशाशिवाय खात्यातला मजकूर देण्याचा विचारही करत नाही. दोन वर्षे कुणी खाते उघडलेच नाही तर ते बंद करण्याचा नियमही आहे. पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलण्याचीही गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ पासून तो आग्रह सोडला आहे. वारंवार बदलायला लावले की माणूस एक आकडा पुढे सरकवतो किंवा विसरतो. त्यापेक्षा तीन-चार शब्दांचा लांब पासवर्ड ठेवून तोच राखावा.

सुरक्षा प्रश्नांची उत्तरेही त्याच कागदावर, ज्या स्पेलिंगने भरली त्याच स्पेलिंगने. प्रत्येकाच्या घरी अशी आत्या असेलच असे नाही.

फसवणुकीबद्दल थोडे. पासवर्ड विसरला की लोक मोबाइलवर मदतीचा नंबर शोधतात आणि पहिला दिसेल तो लावतात. तिकडचा माणूस गोड बोलून मोबाइलमध्ये एखादे ॲप घ्यायला लावतो, ओटीपी विचारतो आणि खात्यातले ऊसबिल काढून घेतो. मायक्रोसॉफ्टचा माणूस आपणहून फोन करत नाही आणि ओटीपी विचारत नाही. पैसे गेलेच तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता जास्त.

आणखी एक. विंडोज १० चे नेहमीचे मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरचे मशीन त्यावर असेल तर ते बंद पडत नाही, पण ते बदलण्याच्या किंवा विंडोज ११ टाकण्याच्या निमित्ताने आता बरीच मशीने दुरुस्तीवाल्याकडे जात आहेत. देण्याआधी हिशोबाच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात, आणि उचलीचा तक्ता हंगाम सुरू होण्याआधी एकदा कागदावर छापून मुकादमाची सही घ्यावी. आपले ते वाहतूकदार सभासद आता डाव्या हाताने सही करू लागले आहेत. गेल्या हंगामाच्या तक्त्यावर दोघांच्याही सह्या आहेत.